नसलेला पट्टा

हेल्मेट एक होतं आणि माणसं चार. म्हणून आधी वामनरावानं ते घातलं, फोटो निघाला. मग भागवतनं घातलं, फोटो निघाला. मग बाकीच्या दोघांनी. शेवटच्याच्या हातात येईपर्यंत आतली पट्टी घामानं चिंब झाली होती. त्यानं ती शर्टाच्या टोकानं पुसली आणि तोंड वाकडं करून डोकं आत घातलं.

पट्टाही एकच होता. नारंगी रंगाचा, मांड्यांतून, कमरेतून आणि खांद्यांवरून जाणारा, मागं लोंबती दोरी आणि तिच्या टोकाला वजनदार आकडा. दुकानाची कागदी चिठ्ठी त्याला अजून तशीच होती. ती फोटोत दिसू नये म्हणून ठेकेदार भगवानरावांनी स्वतःच्या हातानं ती वामनरावाच्या पाठीमागं खोचली.

सकाळचे साडेसहा झाले होते. वरवट बकालच्या अलीकडच्या फाट्यावर निंबाची रांग होती आणि मे महिन्याचं ऊन आत्ताच मानेला चावायला लागलं होतं. पावसाळ्याआधी विजेच्या तारांना लागणाऱ्या फांद्या छाटायचं काम यंदाही भगवानरावांनाच मिळालं होतं. कागदावर त्या कामाच्या पंधरा अटी होत्या. हेल्मेट, पट्टा, औषधाची पेटी, काम सुरू करण्याआधी मजुरांना सुरक्षेची माहिती. सगळ्याचे फोटो काढून वर पाठवायचे, त्यावर तारीख-वेळ आपोआप उमटायची.

फोटो झाले, मग माहिती. भागवतनं मोबाइल धरला आणि भगवानराव झाडाखाली उभं राहून बोलू लागले. कॅमेऱ्यासमोर ते जरा शहरी बोलत.

"मित्रांनो, जीव महत्त्वाचा आहे. आपल्याकडं गोकुळ नावाचा कामगार होता. चांगला माणूस. त्याला पट्टा दिला होता. गरम होतं म्हणून त्यानं वर गेल्यावर तो सोडला. काय झालं, सगळ्यांना माहीत आहे. म्हणून पट्टा सोडायचा नाही."

हे भाषण वामनरावानं दोन सीझनमध्ये शंभरदा ऐकलं असेल. पण आज त्याचं डोकं वर होईना. कारण मजुरांच्या मागं, फांद्या गोळा करायला आलेल्या तीन बायांमध्ये, गोकुळची बायको उभी होती. रेणुका. वामनरावाची धाकटी बहीण. वावरातलं काम संपलं होतं, पेरणीला अवकाश होता, आणि ती काल संध्याकाळी म्हणाली होती, "दादा, मीबी येतो उद्या. फांद्या तं ओढू शकतो ना." त्याला नाही म्हणायला कारण सुचलं नाही. भगवानरावांनी तिला ओळखलं नव्हतं.

भाषण संपलं. भगवानरावांच्या माणसानं हेल्मेट आणि पट्टा जीपमध्ये टाकला. वामनरावानं चपला काढल्या, कुऱ्हाड पाठीशी खोचली आणि पहिल्या निंबाच्या खोडाला हात घातला. तेवढ्यात रेणुका जीपजवळ गेली. मागच्या फळीवर पडलेल्या पट्ट्याला तिनं दोन बोटं लावली, कोण्या बाळाच्या कपाळाला लावावीत तशी.

"असाच होता का, दादा?"

"हाव," वामनराव म्हणाला. "असाच."

आणि तो झाडावर चढला.

गोकुळ पडला तेव्हा कोणताही पट्टा नव्हता. झाडावर नव्हता, जीपमध्ये नव्हता, भगवानरावांच्या घरातसुद्धा नव्हता. दोन वर्षांआधी, असाच मे महिना, सुट्टीतली एक गावशाळा, टिनाच्या छपरावर आलेला वाळका निंब. गोकुळ कंपाउंडच्या भिंतीवर पडला आणि पुन्हा बोलला नाही. गाडी भगवानरावांनीच आणली, दवाखान्यातही तेच धावले, सरणाची लाकडंही त्यांनीच पुरवली. तिसऱ्या दिवशी ते वामनरावाच्या ओसरीवर येऊन बसले. त्यांच्या हातात टाइप केलेला कागद होता. पट्टा दिला होता, मजुरानं स्वतःच्या मर्जीनं सोडला.

"वामनभाऊ, मेलेला माणूस तं वापस येत नाही," ते म्हणाले होते. "हा कागद नसला तं माहं नाव काळ्या यादीत जाते. मंग तीस घरच्या चुली थंड होतीन. तुहीबी त्यातच आहे."

वामनरावानं सही केली. सही करता येत होती याचा त्याला तोवर अभिमान होता.

एवढ्यावर भागेल असं त्याला वाटलं होतं. पण तेराव्यानंतर रेणुकानं विचारलं, "दादा, त्यानं पट्टा काऊन सोडला?"

तो म्हणाला, "गरम होत होतं."

महिन्यानं तिनं विचारलं, "कोणत्या रंगाचा होता?" त्याला रस्त्याच्या कामावरच्या मजुरांचे कोट आठवले. तो म्हणाला, नारंगी. पुढं कधी भाकरी थापताना, कधी गाईला पाणी दाखवताना तिला एकेक सुचत जाई. सोडून कुठं ठेवला? वरच्या बेचक्यात अडकवला. तवा हातात काय होतं? एका हातात करवत. मंग तो खाली कोणी काढला? ठेकेदाराच्या माणसानं. अन् सोडताना काही म्हटलं काय त्यानं?

इथं वामनराव थांबला होता. बहिणीच्या तोंडाकडं त्यानं पाहिलं. तिला काहीतरी हवं होतं, ते स्पष्ट दिसत होतं.

"म्हणे, वामनभाऊ, हे जोखड माह्याच्यानं होत नाही."

रेणुकानं मान डोलावली. "तसाच बोले तो," ती म्हणाली. ते वाक्य तिनं घरात नेलं. पुढं ती ते लोकांनाही सांगू लागली. नवऱ्याचा शेवटचा बोल म्हणून.

गावात त्याचं वेगळंच झालं. बाजारात कोणी म्हणे, मस्तीच होती त्याले. शाळेत छकुलीला, रेणुकाच्या नऊ वर्षांच्या पोरीला, मुलं म्हणाली, तुह्या बापानं स्वतःच पट्टा सोडला. छकुली घरी येऊन आईला म्हणाली, "बाबाले आपली आठवण नाही आली काय तवा?" ओसरीवर बसलेल्या वामनरावानं ते ऐकलं आणि उठून कुऱ्हाडीला धार लावत बसला. धार आधीच लावलेली होती.

आणि मग त्याला ते दिसायला लागलं.

आधी झाडावरच दिसे. तो एका फांदीवर उभा असला की वरच्या बेचक्यात गोकुळ असे. पाठमोरा, निळ्या बनियनवर नारंगी पट्टा. हात कमरेकडं जात, पट्टा सुटे आणि गोकुळ तो शांतपणे फांदीला अडकवे. पडताना तो कधीच दिसला नाही. पट्टा सोडतानाच दिसायचा. वामनरावाला पक्कं माहीत होतं की असं काही घडलं नाही. पण जे घडलं ते आठवायला गेला की मधे हेच येई. खरा दिवस हळूहळू पुसत चालला होता. गोकुळ खरंच काय बोलला होता, ऊन कोणत्या बाजूला होतं, काही धरता येईना. राहिलं ते त्यानंच बनवलेलं.

यंदा खराखुरा पट्टा आला आणि त्या दृश्याला आवाज मिळाला. कट्. पहिल्याच सकाळी फोटोनंतर भगवानरावांनी त्याच्या कमरेचा खटका सोडला, आणि त्यानं वर झाडाकडं पाहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला ते सातव्या झाडावर होते. पट्टा घालून, दोरी बदलत बदलत चढलं तर दिवसाला चार झाडं होत. बिगर पट्ट्यानं अकरा. आणि ज्याचा दर कमी त्यालाच काम, म्हणून अकरा करावीच लागत. लाइन बंद असल्याचा फोन आला होता, ती साडेबाराला चालू होणार होती. वामनराव तारेच्या बाजूची फांदी करवतीनं कापत होता. भुसा घामाला चिकटून डोळ्यांत जात होता. करवत अर्ध्यात आली आणि वरून आवाज आला.

कट्.

त्यानं वर पाहिलं. पाहू नये हे त्याला ठाऊक होतं, तरी पाहिलं. डाव्या पायाखालची साल सरकली. करवत खाली गेली. तो छातीवर फांदीला आदळला आणि दोन्ही काखांत फांदी धरून लोंबकळला. खालून बायांचा गलका झाला. त्यात रेणुकाचा आवाज वेगळा ऐकू आला. ती काही बोलत नव्हती, नुसताच घशातून आवाज काढत होती.

भागवत दुसऱ्या बाजूनं वर आला. त्यानं वामनरावाच्या विजारीच्या नाड्याला आणि दंडाला धरून त्याला खोडापर्यंत ओढलं. "उन्ह लागलं तुमाले, वामनभाऊ. उतरा. बाकीचं मी करतो."

खाली येऊन तो सावलीत बसला. छातीची साल निघाली होती, काखांतून रक्त येत होतं. रेणुकानं पाण्याचा डबा आणला. भगवानरावांचा माणूस जीपमधून औषधाची पेटी घेऊन आला. पेटी उघडली. आत त्या माणसाचं जेवण होतं.

त्या दुपारच्या सुट्टीत ते घडलं. बाया भाकरी सोडून बसल्या होत्या. जीप सावलीत उभी होती, ड्रायव्हर कुठं गेला होता. रेणुका उठली, तिनं फळीवरचा पट्टा उचलला आणि लुगड्यावरूनच चढवायला लागली. खांद्यावरून, कमरेवरून. मांड्यांचे बंद तिनं तसेच सोडले. एक बाई हसली. रेणुकानं तिच्याकडं पाहिलंही नाही. कमरेचा खटका तिनं दाबून बसवला. तो कट् करून बसला.

मग तिनं डावा हात जीपच्या दांडीला धरला, झाडाची फांदी धरावी तसा, आणि उजव्या हातानं तो खटका सोडायला लागली.

सुटेना. तिनं वर दाबला, खाली दाबला, अंगठ्यानं रेटला. मग हात बदलला. बराच वेळ ती तशीच झगडत राहिली. वामनराव काही पावलांवर बसला होता आणि उठत नव्हता. शेवटी तिनं दांडी सोडली, दोन्ही हात कमरेशी आणले, दोन्हीकडच्या कळा एकदम दाबल्या, आणि पट्टा सुटला.

तिनं तो घडी घालून फळीवर ठेवला. वामनरावासमोर येऊन उभी राहिली.

"दोन्ही हात लागतात, दादा."

तो काखेतलं रक्त पुसू लागला.

"त्याच्या एका हातात करवत होती म्हनत होता तू. मंग झाड कायनं धरलं होतं त्यानं?"

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ त्यांच्या दोघांच्या मधून गेली. धूळ खाली बसेपर्यंत रेणुका थांबली. मग विळा उचलून पुन्हा फांद्या सोलायला गेली. त्या दिवशी तिनं दुसरं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नंतर तिनं विचारायचंच सोडलं.

दोन वर्षं तिचे प्रश्न त्याला नकोसे झाले होते. आता ते थांबले तर घर ओसाड झाल्यासारखं वाटू लागलं. एकच अंगण, समोरासमोर दोन दारं. आता ती सकाळी अंगण झाडायची ते त्याच्या ओसरीच्या अलीकडंच थांबायची. छकुलीच्या हातून वाटीभर भाजी आधी येई, तीही बंद झाली. वामनरावाच्या ताटात भाकरी उरायला लागली.

मनकर्णाबाई, त्याची बायको, सात-आठ दिवस हे पाहत होती. एका संध्याकाळी ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "पट्टा नव्हताच ना?"

वामनराव दचकला. "कोन सांगतलं?"

"कोन सांगन? तुमी त्या कागदावर सही केली तवा ठेकेदाराले चहा देला म्या. तो प्याला. तुमी कप हातात धरून बसले ते बसलेच. मले तवाच समजलं."

"मंग बोलली काऊन नाही?"

तिनं सूप खाली ठेवलं. "मलेबी कामच पाह्यजे होतं तुमचं," ती म्हणाली. "तुमी एकटेच नाही त्याच्यात."

रेणुकानं भरपाईसाठी बुलढाण्याला केस लावली होती, तिची तारीख जूनच्या दहाला होती. साक्षीदार म्हणून वामनरावाला बोलावणं आलं होतं. आठ तारखेला भगवानराव मोटरसायकलवर आले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थकवा होता. त्यांनी पाणी मागून घेतलं.

"माहं काही म्हननं नाही, वामनभाऊ. बाईले पैसे भेटलेच पाह्यजे. विमा काढेल होता, कंपनी देईन. मी कुठं नाही म्हनतो? फक्त पट्टा देला होता एवढं कायम राहू दे. पट्टा नव्हता म्हटलं की विमावाला हात वर करन, माहं लायसन जाईन, पोलीस वेगळे. बाईचंबी नुकसान, माहंबी, तुहंबी. फायदा कोनाचा सांग बरं?"

वामनराव विचार करत राहिला. सगळं जिथल्या तिथं बसत होतं. रेणुकाला भरपाई, भगवानरावांना काम, त्याला मजुरी. फक्त गोकुळ तिकडं वर बेचक्यात उभा होता आणि पट्टा सोडत होता.

"पाहतो," तो म्हणाला.

भगवानराव जाताना अंगणात रेणुका समोर आली. त्यांनी हात जोडले. तिनंही जोडले. मग ती म्हणाली, "साहेब, तुमी रोज भाषन देता ना, त्याच्यातला गोकुळ माहा मालक होये."

भगवानरावांनी गाडीला किक मारली, ती लागली नाही. दुसरी मारली. तिसऱ्या किकला गाडी लागली तोवर ते खालीच पाहत होते.

दहा तारखेला बहीण-भाऊ पहाटेच निघाले. खामगावला गाडी बदलली. तिनं त्याचं तिकीट काढलं आणि त्याच्या हातात दिलं, तेवढंच. बुलढाण्याला हवा जरा गार होती. कोर्टाच्या पायऱ्यांवर त्यांची वकील उभी होती. महामायाताई, तिशी-बत्तिशीची, काळ्या कोटाच्या बाह्या वर सरकवलेल्या. तिनं वामनरावाला बाजूला घेतलं.

"काका, घाबरायचं नाही. तुम्हाला दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. गोकुळ ठेकेदाराच्या कामावर होता, आणि काम करताना पडला."

"अन् पट्ट्याचं?"

"त्याची काळजी सोडा. माणूस जिवानिशी गेला असेल तर त्यानं पट्टा काढला म्हणून भरपाई अडत नाही. कायदाच तसा आहे. पट्टा दिला म्हणा, नाही म्हणा, ताईंना मिळायचं ते मिळेल. उलट तो विषय काढलात तर जुना कागद पुढं येईल. खोटी सही केली म्हणून तुम्हीच अडकाल. कशाला?"

वामनराव पायरीवर बसला. म्हणजे त्याच्या खोट्यानं बहिणीचं काही अडत नव्हतं, आणि खऱ्यानं तिला काही जास्त मिळणार नव्हतं. त्यानं वर पाहिलं. रेणुका थोडी लांब, भिंतीला टेकून उभी होती. महामायाताईंचं बोलणं तिला ऐकू आलं होतं. तिनं तोंड फिरवलं नाही, खूणही केली नाही. नुसती पाहत होती, अनोळखी माणसाकडं पाहावं तशी.

दुपारी बाराला पुकारा झाला. खोली लहान होती, पंखा कडकड वाजत होता. साहेब समोर, एक बाई मशीनवर टाइप करायला. महामायाताईंनी विचारलं ते त्यानं सांगितलं. गोकुळ कामावर होता. काम करताना पडला. मग भगवानरावांचे वकील उठले. वयस्कर, चष्मा नाकावर आलेला. त्यांनी फार जोर न लावता विचारलं, कारण त्यांनाही वाटत होतं की हे ठरलेलंच आहे.

"कामाच्या दिवशी मयताला सुरक्षा पट्टा दिला होता. बरोबर?"

वामनराव वर पंख्याकडं पाहत राहिला. साहेबांनी टाइप करणाऱ्या बाईला थांबायची खूण केली.

"बरोबर की नाही?"

"नाही," तो म्हणाला.

वकिलांनी चष्मा वर केला. कागद पुढं केला. "ही सही कोणाची?"

"माहीच."

"मग तुम्ही खोटं कधी बोललात? तेव्हा की आता?"

"तवा."

भगवानराव मागच्या बाकावर होते. बाक करकरला. महामायाताईंनी डोळे मिटून घेतले. साहेब म्हणाले, "सविस्तर सांगा. काय होतं मग तिथं?"

"एक दोर होता, साहेब."

आणि तो एवढं बोलला तसा त्याला तो दोर दिसला. नारळाच्या काथ्याचा, एका जागी गाठ मारलेला, हाताला टोचणारा. दोन वर्षांत पहिल्यांदा दिसला.

"एकच दोर होता. गोकुळ वर गेला. वरून म्हणे, वामनभाऊ, दोर फेक, कमरेले बांधतो, हे पायाखालची खांदी वाळकी लागते. म्या म्हटलं, आधी फांदी बांध. ते शाळेच्या टिनावर पडली तं टिना फुटतीन, आपल्याले भरून द्या लागतीन. ठेकेदार तिथी नव्हता. म्याच म्हटलं. गोकुळनं एकडाव माह्याकडं पाह्यलं. मंग फांदीले दोर बांधला."

टाइपचा आवाज चालू होता.

"खाली खोडाले एक येढा देऊन दुसरं टोक म्या धरलं होतं. त्यानं फांदी कापली. तुटली तसा दोराले झटका बसला, सारं झाड हाललं. तो उभा होता ते खांदी खटकन गेली. दोर माह्या हातात होता, साहेब. म्या सोडला नाही. फांदी हळूच खाली आली." तो थांबला. "टिना वाचल्या."

टाइपचा आवाज थांबला. मग साहेब टाइप करणाऱ्या बाईला सावकाश सांगू लागले, "साक्षीदार असं सांगतो की, घटनेच्या दिवशी कोणतीही सुरक्षा साधनं पुरवण्यात आली नव्हती..." वामनरावाला ते शब्द लांबून येत होते. त्यानं मागं वळून पाहिलं. रेणुका दाराशी उभी होती. तिनं पदर तोंडात धरला होता आणि ती रडत नव्हती.

निकाल दिवाळीनंतर लागला, रेणुकाच्या बाजूनं. भरपाई विमा कंपनीला नव्हे, भगवानरावांना स्वतः भरावी लागली, आणि त्यासाठी त्यांची जीप गेली. त्यांचं नाव दोन वर्षांसाठी कामांतून कमी झालं. दुसऱ्या ठेकेदारानं ते काम घेतलं, त्यानं भागवतला ठेवलं, वामनरावाला नाही. ज्या कागदावर त्यानं सही केली होती, त्याबद्दल त्याला पोलिसांनी तीनदा बोलावलं आणि दर वेळी दिवसभर बाकड्यावर बसवून ठेवलं. तीस घरांतली काही माणसं त्याच्याशी बोलेनाशी झाली. हे सगळं पुढं झालं. त्या दिवशी दुपारी मात्र दोघं बुलढाण्याच्या स्टँडवर आले तेव्हा पुढचं काही ठाऊक नव्हतं.

खामगावची गाडी लागली होती. रेणुका खिडकीशी बसली. वामनराव तिच्या शेजारी बसला नाही. मागच्या सीटवर बसला. गाडी सुटली. बोथ्याचा घाट लागला, दोन्हीकडं सागाचं पानगळ झालेलं जंगल, पांढरट खोडं उन्हात उभी. त्याला झाडांकडं पाहायची भीती वाटली. तरी त्यानं पाहिलं. एकेका झाडाच्या बेचक्यात नजर गेली. तिथं कोणी नव्हतं. त्यानं हलकं वाटायची वाट पाहिली, पण तसं काही वाटलं नाही.

पहिल्या वळणाला रेणुका मागं न पाहता म्हणाली, "इकडं ये."

तो उठून तिच्या शेजारी बसला.

"हे जोखड माह्याच्यानं होत नाही, असं तो म्हटलाच नव्हता ना?"

"नाही."

"दोन वर्ष म्या तेच धरून होती." तिचा आवाज सपाट होता. "माफी मागू नको. मले ते नाही पाह्यजे. त्या दिवसाचं सांग. सकाळपासून सांग. खरं."

वामनराव सांगू लागला. "सकाळी तो माह्या दारात आला. सहा वाजले असतीन. चहा पिऊन आलो म्हटला."

"नाही प्याला," रेणुका म्हणाली. "दूध नासलं होतं. माह्यावर चिडला अन् तसाच गेला."

"मले चहा पिऊन आलो म्हटला."

"मंग तुह्यापासी खोटं बोलला." तिच्या ओठाचा कोपरा जरा हलला. "पुढं सांग."

त्यानं सांगितलं. वाटेत मोटरसायकलच्या चाकात हवा कमी होती म्हणून ते दोघं गाडी ढकलत चालले होते. गोकुळनं मक्याच्या वावरातून दोन कणसं तोडली. शाळेत पोचल्यावर हापशीवर डोकं भिजवलं. निंबाखाली कोणाची शेळी बांधली होती, ती त्यानं सोडून दुसरीकडं बांधली, वरून काही पडेल म्हणून. कोणतं बनियन होतं, ते तिनं विचारलं. निळं, तो म्हणाला. ती म्हणाली, पांढरं होतं, निळं वाळत होतं, म्या स्वतः काढून देलं. त्यानं आठवून पाहिलं. पांढरंच होतं.

अशी एकेक गोष्ट दोघं मिळून जागेवर ठेवत गेले. काही तिच्याकडं होतं, काही त्याच्याकडं. कंडक्टर तिकिटं तपासून गेला. पुढच्या सीटवर कोणाचं लेकरू झोपलं.

"मंग त्यानं चपला काढल्या," वामनराव म्हणाला. "खोडाले हात लावून कपाळाले लावला. नेहमी लावे तसा. करवत पाठीशी बांधली अन् चढला. लय हलका चढे तो. पहिल्या फांदीवर गेला, दुसरीवर गेला. वर जाऊन बसला. तिथून त्याले काही दिसलं असन, तिकडं पाहत होता, सातपुड्याच्या बाजूले. म्या खालून इचारलं, काय पाह्यतं बे? तं तो..."

"इथंच थांब," रेणुका म्हणाली.

तो थांबला.

"तो वर बसला ना?"

"हाव."

"मंग राहू दे त्याले तिथंच. पुढचं म्या आज ऐकलं."

गाडी घाट उतरत होती. रेणुकानं खिडकीच्या दांडीवर कपाळ टेकलं आणि डोळे मिटून घेतले. वामनराव तसाच, अर्ध्या वाक्यावर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिला.